आठ अक्षरं आणि एक घंटा

मी आयुष्यभर लोकांना घोड्यावर बसायला शिकवलं, असं सांगितलं की नारायण पेठेत पहिला प्रश्न ठरलेला असतो. "अस्सं? मग घोडा बांधता कुठे?" आमच्या गल्लीत स्कूटर लावायला जागा मिळाली तरी माणूस देवापुढे साखर ठेवतो. दुसरा प्रश्न असतो, "म्हणजे वरातीचा का?" तिसरा प्रश्न येत नाही. पुणेरी चौकशी दोन प्रश्नांत आटोपते, कारण मत आधीच बनलेलं असतं. तर तो कुणी न विचारलेला तिसरा प्रश्न धरून मी हे लिहिते आहे.

कॉलेजात एनसीसीच्या घोडदळात होते. तिथे खोगिराची गोडी लागली ती सुटली नाही. आईला वाटायचं, लग्न झालं की उतरेल. लग्न झालं, मी काही उतरले नाही. चार ठिकाणी शिकवत शिकवत शेवटी कात्रजच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका रायडिंग स्कूलमध्ये स्थिरावले आणि तिथूनच निवृत्त झाले. या शाळेची गंमत अशी, की तिथे अपंगांचा वेगळा आणि धडधाकटांचा वेगळा वर्ग नव्हता. एकच वर्ग. आयटीतली मुलं, कॉलेजातल्या मुली, कारखान्यात एक पाय गमावलेले शिंदे, अजिबात न बोलणारी एक शाळकरी पोर, सगळे एकाच मैदानात एकाच बाईची बोलणी खायचे.

आणि एक नियम होता, त्याला आम्ही 'फेड' म्हणायचो. ज्याला तोल सावरत नाही अशा स्वाराला तीन माणसं लागतात. एक जण पुढे घोड्याची दोरी धरून चालतो आणि दोघं दोन्ही बाजूंनी, स्वाराच्या गुडघ्याशी हात ठेवून. ही माणसं रोज आणायची कुठून? म्हणून, जो घोड्यावर बसेल त्याने तेवढाच वेळ दुसऱ्याच्या घोड्याशेजारी चालायचं. ज्याला चालता येत नसेल त्याने बसल्या जागी खोगीर-लगाम पुसायचे. एकदा एक वडील माझ्याशी भांडायला आले. "अहो, मी मुलीला घोड्यावर बसायला पाठवतो, दुसऱ्याच्या घोड्यामागे चालायला नाही." मी म्हटलं, "ती पहिल्यांदा बसली तेव्हा तिच्या शेजारी जे चालत होते ना, त्यांच्या वडिलांनी असं म्हटलं असतं तर?" पुढच्या रविवारी ते मुलीला घेऊन वेळेवर आले. ती मुलगी म्हणजे ऋचा. तिचा आवाज असा चिरका, की तबेल्यातली कबुतरं उडायची. तो आवाज लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आमच्याकडे जिलबी नावाची एक पिवळसर, गोलमटोल घोडी होती. पाठीवरचं वजन जरा कलंडलं की ती आपणहून थांबायची. हे तिला मी शिकवलं असं मी सगळ्यांना सांगत आले, पण खरं म्हणजे तिला थांबायला निमित्तच हवं असायचं. नवख्या स्वाराला अशा आळशी जनावराइतकं सुरक्षित काही नाही. या जिलबीवर बसायला एक दिवस स्वारगेटहून बस पकडून प्रणिता वानखडे आली.

प्रणिता यवतमाळकडची. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना आजारपणात तिची दृष्टी पूर्ण गेली. पुढे ती पुण्यात आली, बोलणाऱ्या कॉम्प्युटरवर काम शिकली आणि एका आयटी कंपनीत लागली. पहिल्याच दिवशी तिने काठी कुंपणाला टेकवली, जिलबीच्या नाकापासून शेपटीपर्यंत हात फिरवला आणि म्हणाली, "बाई, ही तर माझ्याहून जाड आहे. जमेल आमचं." आणि जमलं. वर्षभरात शेजारी चालणारे गेले. मग एके सकाळी मी आमच्या मोतद्दाराला, घोडी सांभाळणाऱ्या दगडूभाऊंना, दोरीसुद्धा सोडायला सांगितली. ते बिचकले. "बाई, सोडू व्हय? घोडी शानी हाय, पर शेवटी जनावर हाय." सोडली. प्रणिता एकटी एक फेरी मारून आवाजाच्या अंदाजाने माझ्यासमोर येऊन थांबली. माझे डोळे भरले होते. तिला दिसत नाही या भरवशावर मी ते पुसलेही नाहीत. तर ती म्हणते, "बाई, रडून काय राहिल्या? मी उजवीकडे जास्त कलली का ते सांगा."

असा तिचा स्वभाव. आता जे घडलं ते समजायला हा स्वभाव माहीत असायला हवा.

आमच्या शाळेचा दरवर्षी एक शो व्हायचा. वर्ग एकच असला तरी त्या दिवशी विश्वस्तांच्या आग्रहाने एक 'विशेष गट' ठेवला जायचा, कारण प्रमुख पाहुण्यांना सत्कार करायला कोणीतरी लागतं. त्या वर्षी सगळे स्वार ओळीने खाली उतरून उभे राहिले. ऋचाच्या पायाला मुंग्या आल्या होत्या, म्हणून ती लंगडत होती. पाहुणे शाल घेऊन थेट तिच्याकडे गेले. "बाळ, तुझी जिद्द पाहून डोळे भरून आले," असं म्हणून त्यांनी तिला शाल पांघरली. ऋचा म्हणाली, "सर, पाय झोपलाय नुसता." ते त्यांना ऐकू गेलं नसावं. शेजारी शिंदे उभे होते, बुटात कृत्रिम पाय. त्यांच्याशी हात मिळवून पाहुणे म्हणाले, "आपण फार मोठं समाजकार्य करता." शिंदे गंभीरपणे म्हणाले, "प्रयत्न असतो." आम्ही पुढे कित्येक महिने हा किस्सा हसून हसून सांगितला.

प्रणिता मात्र हसली नाही. त्या दिवशी जिलबी दोनदा मध्येच थांबून मांडवाची झेंडूची माळ खात होती. एकदा तर दोघी मैदानाच्या बाहेरच गेल्या होत्या. तरी प्रणिताच्या गळ्यात सोनेरी पदक पडलं.

"बाई, दुसरा नंबर कोणाचा आला?" तिने मला विचारलं.

"विशेष गटात सगळ्यांचा पहिलाच असतो गं."

"मग शेवटचा कोणाचा?"

तिने पदक काढलं, चाचपडत जिलबीच्या ठाणापाशी गेली आणि खुंटीला अडकवलं. "हे बसल्याचं पदक आहे. ऑफिसात मी रोज खुर्चीवर बसते, तिथं नाही देत. बाई, मला एकदा खऱ्या शोमध्ये उतरवा, सगळ्यांच्या गटात. तिथंही जर असंच कौतुक करून सोडून दिलं, तर मी घोडा सोडीन. मग मला कळेल की मी काही शिकलेच नाही, तुम्ही सगळे मला फिरवून आणत होता."

हे ऐकून मला राग आला. इतकी वर्षं राबते आहे आणि ही म्हणते फिरवून आणता! स्वारगेटपर्यंत मी मनात तिच्याशी भांडत होते. घरी पोचेपर्यंत मात्र पटलं होतं. शिकवणाऱ्याला आपलं शिकवणं खरं की खोटं हे एरवीही कळत नाही, आणि माझ्या विद्यार्थ्यांना तर जो तो शंभरपैकी शंभर द्यायला टपलेला.

शहरातला एक खुला शो जवळ येत होता. त्यातल्या नवोदितांच्या गटात मी प्रणिताचं नाव दिलं. आयोजकांचा फोन आला. "बाई, आपण त्यांना सन्मानाने एक ट्रॉफी देऊ ना. स्पर्धेत कशाला?" मी म्हटलं, ट्रॉफी नको, नंबर द्या. आमच्या विश्वस्तांचं घोडं वेगळ्याच ठिकाणी अडलं होतं. "पडली तर?" मी विचारलं, "बाकीचे पडले तर?" "ते उठतील हो." म्हटलं, "हीसुद्धा उठेल." शेवटी परवानगी मिळाली, पण देणाऱ्यांचा सूर ऐकून माझी धास्ती वाढली. प्रणिता पडेल ही भीती मला नव्हती. मला टाळ्यांची भीती वाटत होती.

आता ही स्पर्धा काय असते ते सांगते. एका लांबट चौकोनी मैदानाच्या कडेने आठ अक्षरांच्या पाट्या लावलेल्या असतात. अमुक अक्षरापाशी वळायचं, तमुक अक्षरापाशी दुडकी चाल सुरू करायची, एका ठिकाणी मोठं वर्तुळ काढायचं, असा आखलेला क्रम पाठ करून जायचं. परीक्षक 'सी' या अक्षरामागे टेबल मांडून बसतात आणि प्रत्येक हालचालीला गुण देतात. स्वार क्रम चुकला की परीक्षक घंटा वाजवतात, चूक सांगतात, गुण कापतात आणि चुकलेल्या जागेपासून पुढे करायला लावतात. अक्षरांचा क्रम ए, के, ई, एच, सी, एम, बी, एफ असा का आहे, ते कोणालाच ठाऊक नाही. "इंग्रजांना स्वतःची मुळाक्षरंसुद्धा सरळ लावता आली नाहीत आणि राज्य केलं आपल्यावर," असं आपटेकाका म्हणायचे.

आपटेकाका आमचे शेजारी. बँकेतून निवृत्त झाल्यावर ते घरात सगळ्यांना सूचना देत बसायचे, म्हणून काकूंनीच एका रविवारी त्यांना माझ्याबरोबर धाडलं. त्यांना मी कामाला लावलं, कारण पाट्या न दिसणाऱ्या स्वारासाठी प्रत्येक अक्षरापाशी एक माणूस उभा करतात. स्वार येऊ लागला की त्या माणसाने आपलं अक्षर मोठ्याने पुकारत राहायचं. पुकारायला माणसं आमच्याकडे फेडीतलीच. काकांचा खर्जातला, तक्रार केल्यासारखा आवाज 'सी'ला नेमला, कारण ते समोरचं, मुख्य ठिकाण. ऋचाचा चिरका आवाज 'ई'ला, कारण तिथे वर्तुळ काढायचं असे आणि जिलबीला दुडकीवर आणायला तसाच आवाज लागायचा. कितीतरी सकाळी आम्ही हा क्रम घोटला. "सीऽऽ" म्हणता म्हणता काकांचा घसा बसायचा आणि काकू मला काढ्याची बाटली द्यायच्या. त्या दिवसांत त्यांच्या घरी कधी नव्हे ती शांतता होती, असं काकू म्हणाल्या.

घोडामैदान जवळ आलं. शोच्या दिवशी लष्कर भागातल्या त्या मैदानावर चांगली गर्दी होती. आमच्या गटात नऊ स्वार होते. ऋचाही त्यात होती आणि तिचा क्रम आधीच होऊन गेला होता. परीक्षक घोडदळातून निवृत्त झालेले एक अधिकारी. ताठ बसलेले, चेहऱ्यावरची माशी हलायची नाही. मी प्रवेशदारापाशी जिलबीचा पट्टा आवळत होते. दगडूभाऊ म्हणाले, "जिलबी आज लई खुशीत हाय." मला तेवढंच बरं वाटलं. पलीकडे टेबलापाशी काय चाललं होतं ते मला नंतर समजलं.

काका 'सी'पाशी, म्हणजे परीक्षकांच्या अगदी कानाशी उभे राहिले होते. त्यांनी सरावाला म्हणून एकदा पुकारलं. परीक्षक म्हणाले, "आपण इथे असे ओरडलात तर मला लेखनिकाला गुण सांगता येणार नाहीत. आवाज कमी करा." काका म्हणाले, "कमी केला तर ती घोड्यासकट आपल्या टेबलावर येईल." परीक्षक म्हणाले, "मग दुसरं कोणीतरी इथे उभं करा." झालं. काकांनी पहिल्यांदा नजरेला पडलेल्या ऋचाला खूण केली आणि दोघांनी जागा बदलल्या. त्यात काही बिघडलं असं दोघांनाही वाटलं नाही. अक्षर बरोबर पुकारलं की झालं, असंच डोळस माणसाला वाटणार.

प्रणिता आत शिरली. पाठ सरळ, हात शांत. समोरून ऋचाने "सी! सी! सी!" असा सूर लावला. मी तिकडे पाहिलं तर 'सी'ला ऋचा! प्रणिता अक्षरांवर चालतच नव्हती. ती चालायची आवाजांवर, आणि ऋचाचा आवाज म्हणजे वर्तुळ. तिला एकटीला कदाचित सावरता आलं असतं. पण जिलबीलाही आवाजच पाठ होते. ऋचाचा आवाज जवळ येताच जिलबीने कान टवकारले आणि दुडकी धरली. प्रणिताने क्षणभर लगाम जड केला, मग सवयीने सोडला. आणि 'सी'पाशी, परीक्षकांच्या नाकासमोर, दोघींनी एक वर्तुळ काढलं.

ते वर्तुळ काय सांगू! जन्मात इतकं गोल वर्तुळ आमच्या मैदानावर निघालं नव्हतं. फक्त ते तिथे काढायचं नव्हतं. 'सी'ला नुसतं उजवीकडे वळून साध्या चालीने पुढे जायचं होतं. पण प्रेक्षकांना काय कळणार? आंधळी मुलगी घोडी दुडक्या चालीत गोल फिरवते आहे, एवढंच त्यांना दिसलं आणि टाळ्यांचा कडकडाट सुरू झाला.

मला ज्याची भीती होती ते डोळ्यांसमोर घडत होतं. परीक्षक टेबलावरच्या घंटेकडे पाहत होते, मग प्रणिताकडे, मग टाळ्या वाजवणाऱ्या लोकांकडे. त्यांच्यापुढे सोपी वाट होती. गप्प बसायचं, चार गुण जास्त द्यायचे आणि सगळ्यांचा दुवा घ्यायचा. मी आयुष्यात देवाला पुष्कळ साकडी घातली आहेत, पण माझ्या विद्यार्थिनीची चूक पकडली जावी म्हणून घातलेलं ते पहिलंच. वाजव रे बाबा, मी मनात म्हणत होते, वाजव.

घंटा वाजली.

टाळ्या थांबल्या. माझ्या मागे उभ्या असलेल्या एक बाई संतापून म्हणाल्या, "काय माणूस आहे हो! दिसत नाही त्या मुलीला, आणि खुशाल घंटा वाजवतो!"

परीक्षक उभे राहिले. "स्वार, क्रम चुकला. 'सी'ला वर्तुळ नाही. उजवीकडे वळून साध्या चालीने पुढे. 'सी'पासून पुन्हा."

प्रणिताने जिलबीला थांबवलं. तिचा चेहरा मला दिसत होता आणि तो उजळला होता. मग तिने मान फिरवली आणि भर मैदानात विचारलं, "काका, तुम्ही कुठं आहात?"

"ई!" पलीकडून काकांचा खर्ज आला. "मला हलवलंय!"

लोक हसले. परीक्षक हसले नाहीत. "बोलणं बंद. पुढे चला."

तिने मनातल्या मनात दोन आवाजांची अदलाबदल केली असणार. 'सी'पासून पुन्हा निघाली, उजवीकडे वळली, एम, बी, एफ, ए, के असं करत आली आणि काकांच्या "ईऽऽ"वर तिने वर्तुळ काढलं. काकांच्या आवाजावर जिलबी दुडकी धरेना, तेव्हा प्रणिता तिला पुटपुटत विनवू लागली. "चाल नं माय, चाल, अब्रू नको घालवू." वर्तुळ पहिल्यासारखं झालं नाही, पोट सुटल्यासारखं झालं. पण ते योग्य जागी होतं.

निकाल लागला तेव्हा ऋचा तिसरी आली. प्रणिता सहावी. क्रम चुकला म्हणून गुण कापले होते आणि घोड्याशी बोलली म्हणून वेगळे कापले होते, कारण या प्रकारात घोड्याशी बोलायला मनाई असते. पदक तिघांनाच होतं. प्रणिताला काहीही मिळालं नाही.

मघाच्या बाई तिचं सांत्वन करायला आल्या. "वाईट वाटून घेऊ नका हं. अन्यायच झाला. घंटा वाजवायला नको होती." तोवर काकाही येऊन पोचले होते. ते म्हणाले, "मग काय शंख फुंकायला हवा होता?"

प्रणिताला मात्र परीक्षकांना भेटायचं होतं. मी तिला टेबलापाशी नेलं. "सर, घंटा तुम्ही वाजवली?"

"हो. चूक होती."

"थँक्यू, सर."

ते जरा गोंधळले. इतक्या वर्षांत घंटेबद्दल आभार मानणारा स्वार त्यांनी पाहिला नसावा. मग म्हणाले, "बैठक चांगली आहे. पुढच्या वेळी घोड्याशी कमी बोला." ती "हो सर" म्हणाली आणि वळताना माझ्या कानात कुजबुजली, "पुढच्या वेळी म्हणाले, ऐकलं नं बाई?" मी ऐकलं होतं. त्या माणसाला मी पुन्हा कधी भेटले नाही, पण दिवाळीच्या पहिल्या पणतीला ज्यांची आठवण काढते त्यांत ते आहेत. टाळ्या चालू असताना घंटेवर हात टाकायला छाती लागते.

परतताना काका, प्रणिता आणि मी रिक्षाने स्वारगेटला आलो. काका म्हणाले, "माझ्यामुळे गेलं गं तुझं." प्रणिता म्हणाली, "काका, नऊ जणांत मी सहावी. म्हणजे माझ्या मागं तीन जण आहेत. कोण कोण ते सांगा." काकांनी तिघांची नावं सांगितली. तिने पुन्हा सांगायला लावली. तिसऱ्यांदाही लावली. काकांचा बसका आवाज हळूहळू खुलत गेला आणि शेवटी तर त्यांनी प्रत्येकाच्या घोड्याचा रंगही सांगितला.

बसची वाट पाहताना तिने घरी फोन लावला. आईला ऐकू कमी येतं, म्हणून ती स्टँडभर ऐकू जाईल अशी ओरडत होती. "आई, माझ्यासाठी घंटा वाजली! हो हो, घंटा! सगळ्यांसमोर!"

पलीकडून आईचा आवाज मलाही ऐकू आला. "देवळात गेली होती काय वं पोरी?"

प्रणिता हसली.

"तसंच समज," ती म्हणाली.